फेब्रुवारीत गळणारी बस

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आली! आमच्या करंजवाडीत एसटी आली! 

ही वही मी इतिहासासाठी सुरू करतोय. उद्या कुणी विचारलं की करंजवाडीला बस कुणी आणली, तर पुरावा नको? मी दिनकरराव, या गावचा माजी सरपंच. सरपंचकी जाऊन बरीच वर्षं झाली, पण लोक अजून ‘सरपंच’च म्हणतात आणि मीही कुणाला अडवत नाही. वर्षानुवर्षं मी बससाठी अर्ज लिहिले. दिवाळीनंतर शेवटचा अर्ज दिला आणि त्याच आठवड्यात निकाल लागला. योगायोग असा की त्याच दिवसांत पालावरच्या बानूबाईची मेंढरं झरीच्या फाट्यावर भर रस्त्यात बसली होती आणि परभणीहून आलेल्या एसटीच्या मोठ्या साहेबांची गाडी त्यांच्यात अडकून पडली होती. मेंढरांना काय कळतं! गावातल्या झाडून साऱ्या बाया तिथं जमल्या होत्या म्हणे. माझी बायको पार्वती, तीसुद्धा शेतावर जाता जाता थांबली होती. बानूबाई साहेबांशी बराच वेळ बोलली. मेंढरांबद्दलच बोलली असणार. दुसऱ्या दिवशी माझा अर्ज मंजूर! लेखणीला सरकारदरबारी किंमत आहे ती अशी.

बसला उसाची मोळी आणि झेंडूच्या माळा बांधल्या. नारळ मी फोडला. भाषणही मीच केलं. भाषण रंगात आलं असताना मागं वळून पाहतो तर बायांनी आतल्या साऱ्या जागा धरलेल्या! ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि उद्घाटनाचा पाहुणा, म्हणजे मी, झरीपर्यंत दांडीला लटकत गेलो. तरी मजा आली. लय मजा आली.

बस सकाळी करंजवाडीहून झरीमार्गे परभणीला जाणार, संध्याकाळी परत येणार. तीन महिने प्रायोगिक. प्रवासी भरले तर पुढं चालू, नाही भरले तर बंद. बंद कशी होते तेच पाहतो मी!

घरी आल्यावर पार्वती म्हणाली, “आता गाडी हाय दारात, तर येलदरीला जाऊन येऊ का एकदा?” तिचं माहेर येलदरीच्या धरणाकडचं, अगदी पाण्याच्या काठचं. आईवडील गेले, भाऊही गेला, घर विकलं गेलं. मी तिला समजावलं, “आता तिथं नाव घ्यायला तरी कोण आहे तुझं? कुणाकडं जायचं?” तिला लगेच पटलं. परत विषयच काढला नाही. समजूतदार बाई आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

पार्वती आज एकटी बसनं झरीला गेली. बांगड्या भरायच्या होत्या. मी म्हटलं, कासार गावातच येतो की. तर म्हणाली, “त्याच्याकडं रंग न्हाईत.” संध्याकाळी परत आली तेव्हा चेहरा फुललेला, हातात मात्र बांगड्या जुन्याच. रंग झरीलाही मिळाला नसावा.

तिच्या शेजारी बानूबाई बसली होती. बानूबाई म्हणजे आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो त्या रायभानची बायको. दोघींचं माहेर एकाच गावचं, पण तिचा संसार मेंढरामागं, आपला बागायतीचा. त्यामुळं गावात त्यांचं बोलणं खताच्या हिशेबापुरतं. ती आमच्या अंगणाच्या पायरीच्या वर कधी आली नाही आणि तिला कुणी ये म्हटल्याचं मला आठवत नाही. बसमध्ये मात्र बाकडं एकच, बसावंच लागतं. उतरताना ती पार्वतीला “पारू” म्हणाली. प्रवासात माणसं जरा सैल बोलतात.

गुरुवार, १६ जानेवारी

पार्वती आज पुन्हा गेली, गुडघ्याच्या औषधाला. जाण्याआधी काल तिनं मला एक प्रश्न विचारला, आणि मला मनापासून आनंद झाला. झरीला उतरल्यावर जिंतूरकडची गाडी कुठं थांबते? मी लगेच खाली बसलो आणि ज्वारीचे दाणे मांडून नकाशाच करून दाखवला. ही झरी, हा फाटा, हे जिंतूर, इथून येलदरीचा रस्ता फुटतो, परतीची शेवटची गाडी कोणती. ती इतकं लक्ष देऊन माझं कधीच ऐकत नाही. मग दाणे उचलताना म्हणाली, “लय सोपं हाय की हो.” मी म्हटलं, सांगणारा चांगला असला की सोपंच असतं.

गुडघा सुधारतोय. चाल बघण्यासारखी झालीय.

गुरुवार, ३० जानेवारी

बसची कंडक्टर बबिता पाथरीची आहे. चुणचुणीत पोरगी. तिकिटाचं मशिन असं चालवते की चणेफुटाणे विकतेय जणू. बायांशी तिचं मेतकूट जमलंय. मला “काका” म्हणते आणि मी बसनं कुठंच जात नाही याचं तिला नवल वाटतं. मी म्हटलं, “अगं, आणणारा तो मी, बसणारे ते लोक.” मला तालुक्याला जायचं झालं तर सितारामची जीप आहेच. ती घरापाशी येते.

घरातल्या पेटीतला एक खण आणि नारळ दिसत नाहीत. हळदीकुंकवाचे दिवस, कुणाची तरी ओटी भरली असेल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गंभीर बाब! पार्वती संध्याकाळी बसमधून उतरली तर तिच्या लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला. बानूबाईचाही. आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि दोघी ओल्या! मी विचारलं, “हे काय?” दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. पार्वती म्हणाली, “गाडी गळती.”

फेब्रुवारीत गळते, मग पावसाळ्यात काय होईल? टपावर मागच्या पावसाचं पाणी साचून राहिलं असणार. ही डोळेझाक मला चालणार नाही. तिथंच ओट्यावर बसून आगाराला अर्ज लिहिला. विषय: करंजवाडी बसच्या छताची गळती व महिला प्रवाशांची होणारी हेळसांड. चार मुद्दे मांडले. पार्वतीला वाचून दाखवला, तर तिला ठसका लागला. पाणी पिऊनही थांबेना. ओल्यानं सर्दी धरली बिचारीला.

रायभानच्या पालावरून येताना माशाच्या कालवणाचा वास आला. आमच्या शिवारात नदी नाही, ओढा कोरडा. मासे कुठून आले कोण जाणे.

सोमवार, १० फेब्रुवारी

संकट! आगाराच्या साहेबांचा निरोप आला. बसला भारमान कमी पडतंय. भारमान म्हणजे बस किती भरते ते. येत्या सोमवारपासून शनिवारपर्यंत वाहतूक निरीक्षक पाहणी करणार. सहा दिवस. त्या सहा दिवसांत बस भरलेली दिसली तर राहील, नाहीतर तीन महिन्यांची वाटही न पाहता काढून घेतील.

बस बंद? माझी बस?  पण दुसऱ्याच क्षणी अंगात दहा हत्तींचं बळ आलं. मी लढणार! ‘करंजवाडी बस बचाव समिती’ स्थापन केली. अध्यक्ष मी. बाकी सदस्य उद्या ठरवतो.

पार्वतीला सांगितलं तर ती कणीक मळत होती, ती तशीच थांबली. म्हणाली, “बंद म्हंजे? कायमची?” तिचा चेहरा उतरलेला पाहून मला भरून आलं. माझ्या कामाची तिला इतकी काळजी असेल असं वाटलं नव्हतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

युरेका म्हणतात ते हेच! सारा घोटाळा माझ्या ध्यानात आला.

ओट्यावर उभा राहून आज बस नीट पाहिली. बस तर भरलेली होती! मग भारमान कमी कसं? तर बसमध्ये कोण होतं ते बघा. बाया आणि म्हातारे. बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. म्हणजे दोन बाया मिळून एक प्रवासी, आणि बन्सीधरआप्पा बसले काय, न बसले काय, हिशेबाला भोपळा! वर जागा यांनी अडवलेल्या, मग पूर्ण तिकिटाचा गडी बसणार कुठं? सरकारला उत्पन्न दिसणार कसं?

तेव्हा समितीचा ठराव: पाहणीच्या आठवड्यात बाया आणि म्हाताऱ्यांनी घरी बसायचं. बसमध्ये फक्त पूर्ण तिकिटाचे पुरुष. हरिओम, महारुद्र, गावातल्या सगळ्या गड्यांनी पारावर हात वर करून शब्द दिला. टाळ्या पडल्या. इतका मोठा डाव करंजवाडीत कुणी खेळला नसेल.

पार्वतीला ठराव सांगितला. ती भाकरी थापटत राहिली, जरा जोरात. मग म्हणाली, “म्हंजे आमी अर्ध्या.” मी म्हटलं, “तसं नाही गं, तिकिटापुरतं.” “आन बन्सीधरआप्पा?” “ते शून्य.” तिनं भाकर तव्यावर टाकली. “बरं,” म्हणाली. आज तिनं मला वाढलं, पण समोर बसली नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पहिला दिवस. सकाळी हार घेऊन बसपाशी गेलो. एकही बाई नाही, एकही म्हातारा नाही. ठराव तंतोतंत पाळला! पण पुरुषही नाहीत. हरिओम मोटारसायकलवरून गेला, जाता जाता हात हलवून. महारुद्र सितारामच्या जीपमध्ये बसला, म्हणाला, “सरपंच, उद्या नक्की.” बस भणाणा रिकामी. मी एकटा चढलो. फाट्यावर निरीक्षक चढले, बसभर नजर फिरवली, माझ्याकडं पाहिलं आणि काहीतरी टिपून घेतलं.

बबिता नुसती बघत राहिली. “काका, माह्या बाया कुठं गेल्या?”

मी अभिमानानं सांगितलं की आम्ही त्यांना घरी बसवलंय.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आजही तेच. बस रिकामी, मी आणि बबिता. निरीक्षक उतरल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“काका, कोन सांगितलं तुमाला बाई अर्धी धरतात म्हनून?”

“तिकीटच अर्धं आहे ना!”

“अर्धं ती देती, उरलेलं अर्धं सरकार भरतंय महामंडळाला. जागा आख्खी, पैसा आख्खा. आन आप्पाचं तर सगळंच सरकार भरतंय. फकत मशिनातून तिकीट निघाया पाहिजे. तुमचे आप्पा म्हनतात, फुकट बसायलाय तर कागद कामून फाडू, माझी इज्जत जाती. आसे कितीक म्हातारे तिकीट घेत न्हाईत, मी माघं लागून लागून थकले. ते बसतात, पर कुठंच दिसत न्हाईत. म्हनून भारमान कमी! आन आता तुमी तर बायाबी काढून टाकल्या. ही बस त्यांच्यावरच चालू होती वो.”

मी बाकावर बसून राहिलो. परभणी आली तरी उठवेना. सरकारनं ज्यांना आख्खं धरलं त्यांना मी, त्यांच्याच गावचा माणूस, अर्धं आणि शून्य म्हटलं. भर पारावर, टाळ्या घेऊन. लाज वाटली. खरंच लाज वाटली.

पण चार दिवस बाकी आहेत! अजून डाव उलटवता येईल. आता जाऊन सांगतो, उद्या साऱ्या बाया बसमध्ये!

मंगळवारीच, संध्याकाळी

बाया येणार नाहीत.

पार्वती म्हणाली, “घरी बसा म्हनलात, बसलाव. आता बसमधी बसा म्हनता. उद्या निरीक्षक गेला की पुना उठा म्हनाल. आमी काय ज्वारीची पोती हाव, हितून तिथं ठेवायला?” मी म्हटलं, बस बंद होईल. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “होऊ द्या,” म्हणाली, आणि तोंड फिरवलं. तिला बस नको आहे असं नाही, हे मलाही कळलं. मग काय आहे, ते कळलं नाही. आमच्या साऱ्या संसारात ती मला असं कधी बोलली नव्हती.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सकाळची बस रिकामी गेली. मी तिच्यात बसलो नाही. घरोघर फिरलो. दारात उभा राहायचो, हात जोडायचो, म्हणायचो, “चुकलो. तुम्ही आख्ख्या आहात.” कुणी हसलं, कुणी दार लोटलं. प्रत्येकीनं शेवटी एकच सांगितलं, “बानूबाईला इचारा.”

म्हणजे गावच्या बायांची पुढारी बानूबाई! हे कधी झालं?

पालावर गेलो. रायभान कोकराला दूध पाजत होता. बानूबाईनं मला घोंगडी टाकून दिली. मी बसलो आणि मनात आलं, ती आमच्याकडं आली तर आम्ही तिला बसायला काय टाकलं असतं? तिनं ऐकून घेतलं. मग बोटांवर मोजत मोजत अटी घातल्या.

“एक. पारावर ठराव केलाव, पारावरच माघारी घ्या. दोन. आप्पाला तुमी सवता तिकीट घ्यायला लावा. तीन. चारी दिस तुमी बी बसमधी. जीप न्हाई. फुल तिकीट काढायचं, आन हुबं ऱ्हायचं. जागा आमची.”

“चार दिवस कुठं, तीनच उरले आता.”

“मंग आजची संध्याकाळची धरा की. निघा आता.”

निघालो! पळतच!

गुरुवार, २० फेब्रुवारी

काय सांगू आणि किती सांगू! काल पारावर ठराव मागं घेतला. हरिओम हसला, हसू दे. मग बन्सीधरआप्पांच्या घरी. आप्पा काठी आपटून म्हणाले, “फुकटाची पावती घेऊ? मी भिकारी हाय?” मी म्हटलं, “आप्पा, ते फुकट नाही. तुमचे पैसे सरकार देतंय, मशिनला सांगावं लागतं की आप्पा बसले म्हणून. तुम्ही तिकीट घेतलं नाही तर सरकारच्या लेखी तुम्ही घरीच.” आप्पांनी बराच विचार केला. “म्हंजे मी बसलो हे सरकारला कळतंय?” “तिकीट घेतलं तर.” “मंग दोन फाड म्हनावं!” तिथून पायीच झरी गाठली आणि संध्याकाळच्या बसनं, फुल तिकीट काढून, उभ्यानं घरी आलो.

आज सकाळी बस गच्च! इरकलीचे पदर, टोपल्या, काठ्या, पानाचे डबे. आप्पा खिडकीशी, तिकीट डोळ्यांसमोर धरून. फाट्यावर निरीक्षक चढायला लागले तर दाराशीच अडकले. बानूबाई ओरडली, “वर सरका गं, साहेबाला आत येऊ द्या, मोजू द्या त्याला!” बबिताचं मशिन टकटक, टकटक, थांबतच नव्हतं. मी मागच्या दांडीला धरून उभा, फुल तिकीट खिशात. कंबर दुखली, पण असा आनंद सरपंच झालो तेव्हाही झाला नव्हता.

पार्वती बानूबाईशेजारी बसली होती. माझ्याकडं पाहिलं. हसली नाही, पण पिशवीतून एक पेरू काढून पुढं धरला. मी घेतला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

कालही गच्च, आजही गच्च. निरीक्षकांनी वही मिटली. काय लिहिलं ते सांगेनात. उतरताना इतकंच म्हणाले, “सोमवारी काय झालं होतं हो तुमच्या गावाला?”

मी म्हटलं, “साहेब, सोमवारी आमचा अध्यक्ष आजारी होता.”

बुधवार, ५ मार्च

राहिली! बस राहिली! आगाराचा निरोप आला, फेरी नियमित झाली. मी अंगणात नाचलो, खरंच नाचलो, धोतराचा सोगा हातात धरून. पार्वती दारात येऊन उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. “अगं, रडतेस काय, राहिली ना बस!” तर पदरानं डोळे पुसत म्हणाली, “म्हनूनच.” मग मलाही आवरलं नाही. दोघंही वेड्यासारखे रडलो आणि हसलो. माझ्या कामाची इतकी काळजी तिला!

की आणखी काही? आज पहिल्यांदाच मला शंका आली की या बसमध्ये तिचं काहीतरी आहे आणि ते मला माहीत नाही.

तिनं बानूबाईला बोलावणं धाडलं. बानूबाई आली, नेहमीसारखी पायरीशी थांबली. पार्वतीनं तिचा हात धरला आणि वर घेतलं, माजघरात, आपल्याशेजारी. चहा झाला. गूळ वाटला.

त्याच टपालात माझ्या जुन्या अर्जाचं उत्तरही होतं. मी मोठ्यानं वाचलं: आपल्या अर्जानुसार सदर बसच्या छताची पाणी मारून तपासणी करण्यात आली असता कोठेही गळती आढळून आली नाही.

मी संतापलो. “कागदी घोडे! अहो, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी, गुडघ्यापर्यंत ओल्या होतात तुम्ही दोघी! आता वर अर्ज करतो.”

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि ज्या हसायला लागल्या! पार्वतीनं पदर तोंडात कोंबला. बानूबाई तर भिंतीला टेकून खाली घसरली, डोळ्यांतून पाणी. मी आपला कागद हातात धरून उभा. एवढं हसण्यासारखं सरकारी उत्तरात काय होतं?

शेवटी पार्वती म्हणाली, “अर्ज नगा करू. उद्या गुरुवार हाय. चला आमच्यासंगं. कुठं गळतंय ते दावते.”

“झरीपर्यंत?”

“झरीला गाडी बदलायची. तुमीच शिकीवलंय की, दाणे मांडून.”

आणि बानूबाई, जिनं इतकी वर्षं मला मालक म्हटलं, सरपंच म्हटलं, ती डोळे पुसत म्हणाली, “या वो दाजी. उद्या खिडकीची जागा तुमाला.”

दाजी! बायकोच्या बहिणीनं म्हणायचा शब्द. मेहुणा गेला, सासुरवाडीचं दार बंद झालं, तेव्हापासून या शब्दानं मला कुणी हाक मारलेली नाही.  लय बरं वाटलं. का ते विचारलं नाही.

उद्या सकाळच्या बसनं जायचंय. पार्वतीनं पेटीतून नवा खण आणि नारळ काढून पिशवीत भरलाय. मला एक जादा धोतर घ्यायला सांगितलंय. कशाला, ते काही सांगत नाही.